शेरूचा पाय आणि मोबाइलवरचा एक्स-रे

फिरायला नेलेला शेरू एकदम केकाटला आणि पुढचा डावा पाय उचलून तीन पायांवर उभा राहिला. पंजाला हात लावू देईना. माझं डोकंच चालेना. 'घरी येऊन उपचार' असं लिहिलेला पहिला दिसलेला नंबर फिरवला. निम्मे पैसे आधी पाठवा, म्हणाला. पाठवले.

माणूस बोलायला गोड. पाय वरून दोनदा दाबला, एक छोटं यंत्र फिरवलं आणि मोबाइलवर एक्स-रे दाखवला. "बारीक फ्रॅक्चर आहे, ताई. आत्ता प्लास्टर नाही घातलं तर ऑपरेशन." ऑपरेशन म्हटल्यावर मी उरलेले पैसेही देऊन टाकले. त्याने पंजासकट पाय करकचून बांधला, बोटंसुद्धा दिसत नव्हती. गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव नेमकं कापलेलं. पावती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, म्हणाला.

शेरू दोन दिवस ते बँडेज चावत होता आणि मी त्याला रागवत होते. पैशांपेक्षा हे जास्त लागतं मनाला. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी, आणि प्लास्टरला घाण वास. गोळ्या कसल्या, असा मेसेज केला तर उत्तर आलं : 'आयबुप्रोफेन, माणसांना देतात तीच, चालते.' त्यानंतर फोन बंद.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. पंजा सुजून टम्म, आणि तळव्याच्या दोन गाद्यांच्या मध्ये काचेचा तुकडा. हाड धडधाकट! त्या माणसाने पंजा उलटा करून पाहिलाच नव्हता. तसा मीही नव्हता पाहिला. मोबाइलवरचा फोटो दाखवला तर डॉक्टर म्हणाले, हा पिल्लाचा पाय आहे. मनगटाजवळच्या हाडात वाढीची रेघ उघडी दिसते, ती साधारण वर्ष-दीड वर्षात बुजते. शेरू आठ वर्षांचा आहे.

आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काळी शी म्हणजे आत रक्तस्राव. त्यामुळे पाय राहिला बाजूला, आधी सलाइन आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या.

खरं तर त्या संध्याकाळी करायचं होतं ते अगदी थोडं. दुखावलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, म्हणून आधी तोंडाला मऊ पट्टी बांधायची, पण उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मुळीच नाही. मग पंजा, नखं, बोटांच्या फटी पाहायच्या. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून पाच मिनिटं धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. खोल रुतलेलं काही ओढायचं नाही. पाय वाकडा दिसला तरी सरळ करायला जायचं नाही, घरच्या घरी आधाराला काठ्या-पट्ट्या बांधायच्या नाहीत. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर न हलवता दवाखाना गाठायचा. आणि बँडेज कुणीही बांधलेलं असो, मधली दोन बोटं उघडी हवीत. ती गार पडली किंवा त्यांची नखं एकमेकांपासून फाकली, तर ते घट्ट झालंय, लगेच डॉक्टरांकडे. घरी येतो म्हणणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मी नंतर विचारला, तेव्हा मेसेज पोचलासुद्धा नाही.

शेरू आता चारही पायांवर चालतो. पंजाला हात लावला की मात्र अजून गुरगुरतो.