लाँग-ट्रॅव्हलच्या नावाखाली गेलेले 7,790 डॉलर

जुन्या पिकअपवर लाँग-ट्रॅव्हल सस्पेन्शन, म्हणजे चाकाला जास्त वर-खाली होऊ देणारे सस्पेन्शन, बसवून देतो, असे सांगून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 7,790 डॉलर घेतले. चाकांना चासीशी जोडणारे पुढचे चारही आर्म 2,350, कॉइलओव्हरची (स्प्रिंग बसवलेल्या शॉक अॅब्सॉर्बरची) जोडी 1,800, चासीला मजबुतीसाठी पट्ट्या वेल्ड करणे 1,200, फायबरग्लासचे फेंडर 540, पावडर कोटिंग 300 आणि मजुरी 1,600, असा तो हिशेब होता. ज्या गाडीवर हा खर्च झाला ती 1999 ची टोयोटा टॅकोमा प्रीरनर मी 6,500 डॉलरला घेतलेली आहे. गाडीपेक्षा सस्पेन्शन महाग, हा टोमणा घरी ऐकून झाला आहे. तो इथे कोणी पुन्हा ऐकवू नये.

कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर पुढचे चाक साधारण आठ इंच वर-खाली होते आणि जॉन्सन व्हॅलीसारख्या वाळवंटी रस्त्यावर ते पदोपदी तळाला आपटते. दोन्ही बाजूंना साडेतीन इंच जास्त लांबीचे आर्म आणि त्यांना साजेसे लांब कॉइलओव्हर बसवले की तीच हालचाल बारा इंचांच्या पुढे जाते. मला साडेबारा इंच कबूल केले होते. हा माणूस बोलण्यात कुठेही चुकत नव्हता. 1995 ते 2000 च्या टॅकोमांच्या चासी गंजत असल्यामुळे कंपनीने 2008 मध्ये त्यांची हमी 15 वर्षांपर्यंत वाढवली होती, हे त्याने आपणहून सांगितले आणि त्याच आधारावर पट्ट्यांचे 1,200 डॉलर माझ्या गळी उतरवले. खऱ्या माहितीच्या पोटात खोटे बिल घालणाऱ्या माणसाला ओळखायचे तरी कसे?

तरीही एक क्षण असा होता की तिथे मी थांबायला हवे होते, आणि तो अजून डोक्यातून जात नाही. आर्म खरोखर क्रोमोलीचे, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मजबूत पोलादाचे, आहेत का, असे मी विचारले तेव्हा त्याने खिशातून लोहचुंबक काढला, काळ्याभोर कोटिंग केलेल्या आर्मला तो खटकन चिकटवून दाखवला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. चुंबक क्रोमोलीलाही चिकटतो आणि गल्लीतल्या साध्या माइल्ड स्टीलच्या पाइपलाही तितकाच चिकटतो! कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि वेल्डिंगची दुकाने पाहत मी मोठा झालो, आणि तरी त्या चुंबकाकडे पाहून मी मान डोलावली. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की त्या वेळी गाडी लिफ्टवर उघडी पडलेली होती, जुने आर्म त्याने आधीच भंगारात दिले होते आणि 5,000 डॉलर बँकेतून थेट त्याच्या खात्यात गेलेले होते. अशा अवस्थेत वाद घालणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे. कोटिंग होण्यापूर्वीचे वेल्ड पाहायला मिळाल्याशिवाय पैशाला हात लावू देऊ नका. जाड पावडर कोटिंगखाली काहीही लपते.

उरलेले 2,790 रोख दिले. कार्डाने दिल्यास तीन टक्के जास्त पडतील, असे तो म्हणाला होता. ते तीन टक्के आनंदाने भरा.

प्रकार उघडकीस आला तो चाकांचे अलाइनमेंट करायला गेलो तेव्हा. तिथल्या कारागिराने गाडी रॅकवर घेतली, टॉर्च मारली आणि काम करायला साफ नकार दिला, कारण उजवीकडच्या खालच्या आर्मवर वेल्डच्या कडेने तडा गेलेला होता. पुढे दुसऱ्या गॅरेजमध्ये 180 डॉलर देऊन लेखी अहवाल घेतला. आर्म माइल्ड स्टीलचे, घरच्या घरी बनवलेले निघाले. कॉइलओव्हर मूळ लांबीचेच, जुने, वर नवे स्टिकर लावलेले होते. स्प्रिंग काढून चाक वर-खाली करून मोजले तर हालचाल जेमतेम नऊ इंच भरली. चासीला एकही पट्टी नव्हती. डांबरासारखा काळा रंग तेवढा फासलेला होता.

यानंतर सुरू झाली ती दारोदार फिरण्याची शिक्षा. पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे, असे सांगून तक्रार लिहून घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत. बँकेचे म्हणणे, पैसे तुम्हीच पाठवले, आता आम्ही काय करणार? राज्याच्या संबंधित खात्याकडे गेलो, तर गॅरेजची नोंदणी भलत्याच व्यक्तीच्या नावावर निघाली आणि मला आणखी एक अर्ज भरायला सांगण्यात आले. कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे, जुने किंवा पुन्हा तयार केलेले भाग वापरल्यास बिलावर तसे लिहिणे, हे सगळे या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. मात्र कायदा मोडणाऱ्याला शोधायचे कोणी, याचे उत्तर एकाही खिडकीवर मिळाले नाही. माझ्या हातात अंदाजपत्रक म्हणून जो कागद आहे त्यावर ‘सस्पेन्शनचे काम’ एवढेच लिहिलेले आहे, याची आठवण मात्र प्रत्येकाने मला आवर्जून करून दिली.

छोट्या दाव्यांच्या न्यायालयात 12,500 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, म्हणून 75 डॉलर शुल्क भरून तोही केला. आता त्याला समन्स बजावायचे तर गॅरेजला टाळे आहे आणि त्याचा पत्ता शोधण्याची जबाबदारीही माझीच. उद्या निकाल माझ्या बाजूने लागला तरी वसुली न्यायालय करत नाही, ती दावेदारालाच करावी लागते, हे तिथल्या कारकुनाने मला शुल्क भरून झाल्यावर सांगितले.

काढलेले जुने भाग परत हवेत, हे काम देतानाच लिहून द्या. नंतर मागून उपयोग नसतो. किटचे, म्हणजे सस्पेन्शनच्या तयार संचाचे, खोके, त्यावरचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याची पावती आपल्या डोळ्यांनी पाहा. आणि असे काम आधीच झालेले असेल, तर आजच पुढचा भाग जॅकवर उचलून चाक मोकळे लोंबकळू द्या आणि ब्रेकचा होज (ब्रेकच्या तेलाची लवचीक नळी) तपासा. माझ्या गाडीत लांब होज बसवलाच नव्हता. मूळ होज तारेसारखा ताणला जाऊन जोडापाशी चिरत आलेला होता, आणि त्याच गाडीतून मी मुलांना घेऊन फ्रीवेवरून आलो होतो.