धोक्याची सूचना आली: सॉफ्टवेअर नुसतं बंद करायचं की काढूनच टाकायचं?

१० जानेवारी २०१३ ला जावा ७ मधली (वेबपेजमधले आणि इतर छोटे-मोठे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) एक गंभीर त्रुटी उघड झाली. दुरुस्ती अजून आलेली नव्हती आणि हल्ले मात्र सुरू झाले होते. अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने ब्राउझरमधला जावा बंद करा असं स्पष्ट सांगितलं. छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं माझं काम. त्या आठवड्यात फोनवर लोक विचारायचे, "काढून टाकू का?" आणि लगेच पुढे, "काढलं तर टेंडर कसं भरू?" दुसरा प्रश्न कंत्राटदारांचा. तेव्हा ई-निविदेवर डिजिटल सही करायची म्हणजे यूएसबी टोकन लावायचं, ब्राउझरमध्ये जावाचं ॲप्लेट, म्हणजे छोटा प्रोग्राम, उघडायचं आणि पिन टाकायचा. जावा नाही तर सही नाही, आणि शेवटची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही.

अशा वेळी मी तीन गोष्टी बघतो. दुरुस्ती येणार आहे का? या सॉफ्टवेअरवर कोणाचं काम अडतं? आणि बंद केल्यावर ते खरोखर बंद होतं का? तिसऱ्या प्रश्नाकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

जावाच्या बाबतीत तिन्ही उत्तरं बंद करण्याच्या बाजूने होती. हल्ला वेबपेजमधून, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जावाच्या भागातून, प्लगइनमधून, होत होता. जावावर चालणारं डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर त्या वाटेवर नव्हतं. महिनाभर आधीच, डिसेंबर २०१२ च्या अपडेट १० मध्ये, कंट्रोल पॅनेलमधल्या जावाच्या सिक्युरिटी टॅबवर एक चौकोन आला होता. त्यातली टिक काढली की सगळ्या ब्राउझरमधला जावा बंद, बाकीचं काम सुरळीत. १३ जानेवारीला अपडेट ११ आलं. त्यानंतरही त्या यंत्रणेचा सल्ला तोच राहिला: अगदी गरज नसेल तर ब्राउझरमध्ये जावा बंदच ठेवा. मला तो तेव्हाही पटला होता, आजही पटतो. ज्यांना सही करायचीच होती त्यांना मी दोन ब्राउझर वेगळे करून दिले. एकात प्लगइन चालू, त्यात फक्त निविदेचं पोर्टल उघडायचं. बातम्या, मेल, बाकी सगळं दुसऱ्यात.

ज्यांचं जावावाचून काहीच अडत नव्हतं, त्यांच्याकडे काढून टाकणंच योग्य होतं. पण तिथे एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. प्रोग्राम्सच्या यादीत जावा एकदा दिसत नव्हता, चार-चारदा दिसत होता. सगळ्यात नवा अपडेट झालेला, आणि त्याच्याखाली जावा ६ च्या दोन-तीन जुन्या आवृत्त्या तशाच बसलेल्या. लोक वरची एक ओळ काढायचे आणि निश्चिंत व्हायचे. नवं अपडेट टाकलं तरी सगळ्या जुन्या आवृत्त्या जात नाहीत, हे वापरणाऱ्यांना नीट कळवलं नाही, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओरॅकलवर कारवाई केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने तडजोड केली. अनइन्स्टॉल करायचं ठरवलंत तर यादी शेवटपर्यंत खाली सरकवून बघा.

दुरुस्ती येणारच नसेल तर विचार करत बसू नका. एप्रिल २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइम या ॲपलच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये दोन त्रुटी सापडल्या. ॲपलने विंडोजसाठी ते सांभाळणं सोडून दिलं होतं, म्हणून सल्ला एकच होता: काढून टाका. इथे बंद ठेवण्याला काही अर्थच नव्हता, कारण बंद ठेवतो ते दुरुस्तीची वाट बघत, आणि वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशचं तेच. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने आधार काढून घेतला आणि अनइन्स्टॉल करा असं स्वतःच सांगितलं.

तरी क्विकटाइमला एक खरी अडचण होती. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे माझे एक ग्राहक आहेत. त्यांच्या सॉफ्टवेअरमधले काही जुने फॉरमॅट क्विकटाइम असेल तरच उघडायचे. त्या वेळी अडोबीनेही आपल्या ग्राहकांना ही अडचण असल्याचं कळवलं होतं. माझ्या त्या ग्राहकांचं हातातलं काम अर्धवट होतं, पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं. मी त्या मशीनची नेटची केबल काढली, वाय-फाय बंद केलं आणि सांगितलं, स्वतःच्या कॅमेऱ्यातलं फुटेज सोडून एकही फाइल यात टाकायची नाही, काम संपलं की हे काढायचं. असा अपवाद करायला हरकत नाही. फक्त तो किती दिवसांचा हे आधी ठरवून घ्या.

काही गोष्टी काढताच येत नाहीत. जुलै २०२१ च्या सुरुवातीला विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी सर्व्हिस) प्रिंटनाइटमेअर नावाची त्रुटी गाजली. स्पूलर हा विंडोजचाच भाग. तो बंद केला की प्रिंटिंग बंद, आणि ज्या ऑफिसात दिवसभर चलनं आणि करारनामे छापले जातात तिथे हे कोण ऐकणार? पण मायक्रोसॉफ्टच्याच सूचनेत दोन पर्याय होते. एक, सर्व्हिस पूर्ण थांबवा. दुसरा, ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये, जाऊन बाहेरून येणारी प्रिंटची जोडणी नाकारा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. दुसऱ्या पर्यायात ते मशीन इतरांसाठी प्रिंट सर्व्हर म्हणून चालत नाही, पण त्याला थेट जोडलेला प्रिंटर चालतो. ज्या सर्व्हरवरून कधीच प्रिंट निघत नाही तिथे मी पहिला लावला आणि नंतरही कायम ठेवला. टेबलावरच्या मशीनना दुसरा. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर मिळत नाही, तिथे अपडेट येईपर्यंत गरजेपुरता स्पूलर चालू करून पुन्हा थांबवावा लागला. ६ जुलैपासून अपडेट यायला लागली.

आता तो तिसरा प्रश्न: बंद केलेलं खरोखर बंद होतं का? फेब्रुवारी २०१९ मध्ये विनरार या झिप-आरएआर फाइली उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी जाहीर झाली, जी १९ वर्षं तशीच पडून होती. ती एसीई या जुन्या फॉरमॅटच्या फाइली उघडणाऱ्या एका डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका जोडफाइलमध्ये, होती. "मी एसीई फाइल उघडतच नाही, मला काय धोका?" असं कितीतरी जण म्हणाले. पण विनरार फाइलचं नाव बघत नाही, आतला मजकूर बघतं. एसीई फाइलला आरएआर असं नाव दिलं तरी तेच डीएलएल कामाला लागतं, आणि हल्लेखोराची फाइल गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसते. म्हणजे न वापरणं आणि बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे उपाय सुटसुटीत होता: विनरारच्या फोल्डरमधलं यूएनएसीईव्ही२ नावाचं ते एक डीएलएल काढून टाका, बाकी विनरार चालू द्या. कंपनीनेही ५.७० मध्ये एसीईचा आधारच काढला.

लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या, अनेक जावा प्रोग्राम्समध्ये वापरल्या जाणाऱ्या भागातल्या त्रुटीच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, उलटा अनुभव आला. सुरुवातीला सांगितलेली एक सेटिंग बदलून धोका टळतो असं वाटलं, आणि काही दिवसांतच ती अपुरी असल्याचं निष्पन्न झालं. ज्यांनी त्रुटी असलेला कोडचा तो तुकडाच (क्लास) त्याच्या जार फाइलमधून काढला होता, त्यांचा उपाय टिकला. सेटिंगने बंद केलेल्या गोष्टीबद्दलची सूचना आठवड्याने पुन्हा वाचावी, ती बदललेली असू शकते.

विनरारबद्दल आज कोणी विचारलं तर मी काढा म्हणेन. २०२३ आणि २०२५ मध्येही त्यात गंभीर त्रुटी निघाल्या, ते आपोआप अपडेट होत नाही, आणि विंडोज ११ आता आरएआर फाइल स्वतःच उघडतं. सेव्हन-झिप हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही आपोआप अपडेट होत नाही, त्यामुळे एक काढून दुसरं घातलं तर ते अपडेट ठेवण्याची जबाबदारी तुमचीच.

जुन्या एसएमबी १ चंही (नेटवर्कवर फाइली शेअर करण्याची जुनी पद्धत) तसंच, काढलेलं बरं. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसनंतर मी विंडोज फीचर्समधली त्याची टिक काढत सुटलो आणि दुसऱ्याच दिवशी एका दुकानातल्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जाईना. ते मशीन फक्त एसएमबी १ बोलायचं. स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्यायची सवय लावली, टिक परत लावली नाही.

काढून टाकण्याआधी लायसन्स की कुठे आहे ते बघा, सेटिंग आणि डेटाची प्रत घ्या. नंतर डाउनलोड्स फोल्डर आणि ऑफिसातल्या त्या नेहमीच्या पेन ड्राइव्हवरची जुनी सेटअप फाइलही पुसा. सहा महिन्यांनी कोणाला तरी गरज पडते, आणि तो समोर दिसेल ती जुनी आवृत्ती टाकून मोकळा होतो. नवी लागली तर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायची.

बंद ठेवलं असेल तर काय बंद केलं, कोणत्या तारखेला, आणि काय झाल्यावर पुन्हा चालू करायचं, हे कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. माझ्या एका ग्राहकाकडे असा कागद नव्हता. प्रिंट निघत नाही म्हणून त्यांच्या मुलाने स्पूलर चालू करून दिला, अपडेट न टाकता, आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं.