दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना: सातबारा मिळतो, गावात शब्दाला वजन येतं का?

नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात या योजनेचे अर्ज घेतात. योजनेला नाव आहे ते याच जिल्ह्यातल्या, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या माणसाचं. भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रहात उभे होते. त्यांनीच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे जमिनीसाठीचे लढे उभे केले. आधी देवळाचं दार आणि मग कसायला रान, या दोन्ही मागण्या एकाच आयुष्यातल्या. त्यामुळे ‘सबळीकरण व स्वाभिमान’ हे नाव लावणारी योजना तपासताना दोन्ही गोष्टी बघायला हव्यात: जमीन हातात येते का, आणि ती आल्यावर चावडीवर तिच्या मालकाला, त्यातही मालकिणीला, मान मिळतो का.

आधी वस्तू काय आहे ते. अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातल्या, दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळते. २००४-०५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज होतं. २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदान. शासन जमीन विकत घेऊन देतं आणि त्यासाठी एकरी कमाल दर ठरलेला आहे: जिरायतीला ५ लाख, बागायतीला ८ लाख रुपये. अर्जदाराचं वय १८ ते ६० लागतं. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. ज्या गावात जमीन मिळेल तिथल्या अर्जदारांचा आधी विचार होतो, नसतील तर लगतच्या गावातल्यांचा. मिळालेली जमीन विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही, स्वतःच कसावी लागते.

कागदावर हे चांगलंच आहे आणि पूर्ण अनुदान झाल्यापासून तर फारच. अडतं ते दरावर. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात एकरी ८ लाखांत पाण्याची जमीन देणारा शेतकरी शोधून सापडत नाही. मग प्रस्ताव येतात ते सिन्नर, येवला, नांदगावकडच्या कोरड्या रानाचे, किंवा मालकाला स्वतःलाच नकोशा झालेल्या तुकड्यांचे. कमाल दर एकदा ठरतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो, बाजार मात्र दर हंगामाला वर सरकतो. जिल्ह्यानुसार आणि गटानुसार दर बदलण्याची सोय नसेल तोवर नाशिकमध्ये ही योजना चांगल्या मातीपर्यंत पोचणारच नाही. आमच्या मते योजनेचा सर्वांत मोठा दोष हाच.

म्हणून जमीन दाखवायला नेतील तेव्हा लाभार्थ्याने मान डोलावून परत येऊ नये. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती आहे ते आधी बघावं. ४ एकर म्हणजे साधारण १ हेक्टर ६२ आर, आणि त्यातले ३०-४० आर पोटखराब्यात गेले तर हातात ३ एकर राहतात. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, कुळाचं किंवा बहिणींच्या वारसाचं नाव आहे का, हे वाचून घ्यावं. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढावेत. मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात, आणि हे खरेदीखताच्या आधी, नंतर नाही. सर्वांत जास्त भांडणं रस्त्यावरून होतात. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. रस्ताच नसेल तर बांधावरून नवा मागण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण गावातल्या बड्या खातेदाराच्या बांधावरून दलित कुटुंबाची बैलगाडी जायची म्हटली की कलमाच्या आधी जात आडवी येते. म्हणून नकाशावर रस्ता नसलेली जमीन, ती कितीही काळी असो, घेऊ नये. पाण्यासाठी वेगळी आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीसाठी तिच्यात किमान ४० आर जमीन लागते. ती अट इथे पुरी होते, तेव्हा फेरफार मंजूर झाल्या झाल्या तोही अर्ज टाकावा.

स्त्रियांच्या बाजूने या योजनेत एक फार मोलाची गोष्ट आहे: जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर होते आणि विधवा-परित्यक्तेच्या बाबतीत एकटीच्या. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. घरच्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करा, हे तेव्हा शेतकऱ्यांना विनवून सांगावं लागत होतं. इथे ते नियमातच आहे. तरी फेरफाराची नोंद निघाली की तलाठ्याकडे जाऊन एकदा डोळ्यांनी खात्री करावी. नाव खातेदाराच्या रकान्यातच हवं. इतर हक्कात गेलेलं नाव कर्जाच्या किंवा सभासदत्वाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आता खरा प्रश्न. पैशाची, जमिनीची वाटणी न्यायाने झाली की राजकारणातली जात आणि बाईपणावरची आडकाठी आपोआप गळून पडते का?

नाशिकसारख्या जिल्ह्यात जमीन ही नुसती कमाई नाही, तिच्यातून मत जन्माला येतं. खातं असेल, म्हणजे ८-अचा उतारा असेल, तरच विकास सोसायटीचं, म्हणजे गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं, सभासदत्व. सभासद असाल तर संचालक निवडण्याचा आणि होण्याचा हक्क. हे संचालक पुढे बाजार समितीच्या निवडणुकीत सोसायटी गटाचे मतदार. ज्या जिल्ह्यात कांद्याचा भाव लासलगावात आणि पिंपळगाव बसवंतात ठरतो, तिथे बाजार समितीचं मत हे साधं मत नव्हे. भूमिहीन माणूस या साखळीच्या पहिल्या कडीलाही हात लावू शकत नाही. या अर्थाने योजनेतले ४ एकर हे राजकीय हक्कच आहेत आणि याबद्दल तिचं कौतुक पुरेसं झालेलं नाही.

सभासदत्वाला टाळाटाळ होतेच. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ३ महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नकार आला तर निबंधकाकडे अपील. पोच नसेल तर हे दोन्ही रस्ते बंद.

पण पुढची कडी बघा. १३ संचालकांच्या सोसायटीत अनुसूचित जाती-जमाती मिळून १ जागा, महिलांना २. गावात त्या प्रवर्गाचा सभासदच नसेल तर ती जागा रिकामी राहते. योजनेतून एक जरी खातेदार झाला तरी ती भरू शकते, इतका हा फरक ठोस आहे. बाजार समितीत मात्र १८ पैकी सोसायटी गटाच्या ११ जागा असतात: ७ सर्वसाधारण, २ महिला, १ इतर मागासवर्गीय, १ विमुक्त-भटक्या. अनुसूचित जातीसाठी या गटात राखीव जागाच नाही. ती जमातीबरोबर मिळून एकच, आणि तीही ग्रामपंचायत गटात. म्हणजे जमीन मिळवून सोसायटीत शिरलेल्या दलित शेतकऱ्याला बाजार समितीत राखीव जागा हवी असेल तर ग्रामपंचायतीच्याच वाटेने जावं लागतं. जमीन तिथवर नेत नाही. वरच्या कडीला जागा राखायची तर तो कायदा वेगळा करावा लागतो.

ग्रामपंचायतीत उलटा अनुभव येतो. तिथे जागा आहे, जमीन नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक तृतीयांश आरक्षण आलं. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचं आरक्षण ५० टक्के केलं. पण ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ वाचलं तर गरिबी तिथे आडून अपात्रता होऊन बसलेली दिसते. घरपट्टीचं रीतसर बिल मिळाल्यावर ३ महिन्यांत न भरणारा अपात्र. संडास नसलेला अपात्र. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा अपात्र, आणि २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अपात्रता अतिक्रमणात राहणाऱ्या कुटुंबीयालाही लागू धरली. गायरानावर दोन पिढ्या झोपडं बांधून राहिलेल्या कुटुंबातली सून राखीव जागेवर सरपंच होते, आणि पहिल्याच वादात कोणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतं. जागा घटनेने दिली, ती घराखालच्या जमिनीपायी जाते. ही योजना शेतजमीन देते, घराखालची जागा नियमित करत नाही. त्याचा पाठपुरावा ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात वेगळा करावा लागतो, आणि तो निवडणुकीचा उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीच पुरा व्हायला हवा.

हे सगळं जमलं, तरी खुर्चीवर बसलेल्या बाईच्या हातात काय असतं? डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, ती पेनड्राईव्हएवढी डोंगल. वित्त आयोगाचा पैसा खर्च करताना ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचबाईंच्या नावाची डोंगल नवऱ्याच्या, दिराच्या किंवा पॅनेलप्रमुखाच्या खिशात असते आणि पासवर्ड संगणक परिचालकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असतो. बाईंना कळतं तेव्हा बिल निघून गेलेलं असतं, जबाबदारी मात्र सही ज्यांची त्यांची. इथे ४ एकर असले काय नि ४० असले काय. सवर्ण बागायतदाराच्या घरची सरपंचबाईसुद्धा याच अवस्थेत दिसते, आणि घरात पैसा आला की बाईचा शब्द चालायला लागतो हा समज इथेच उघडा पडतो.

हाच वाद अमेरिकेत २०१६ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत रंगला होता. बर्नी सँडर्स मोठ्या बँका तोडायची भाषा करत होते, आणि हिलरी क्लिंटन यांनी नेवाडातल्या सभेत विचारलं की बँका तोडल्याने वर्णद्वेष आणि लिंगभेद संपेल का. प्रश्न बिनतोड होता, पण तो बँका तोडण्याच्या विरोधातला पुरावा होत नाही. तिथलाच १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा जास्त शिकवतो. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले, आणि काळ्या कामगारांचा मोठा भाग नेमका त्याच दोन कामांत होता. कायद्यात वर्णाचा शब्दही नव्हता. वर्ण आणि जात एक नव्हे, पण युक्ती ओळखीची आहे. आपल्याकडे ‘दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव’ या अटीने असंच होतं. यादी जुन्या सर्वेक्षणाची. ज्यांची नावं तेव्हा घातली गेली नाहीत, त्यांत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबंच जास्त.

आदिवासींचा विचार या योजनेत नाही. पेठ, सुरगाण्याच्या माणसाची मागणी वनपट्ट्याची आहे आणि त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो पाय चालले ते त्याच्या अंमलबजावणीसाठी. त्या कायद्यातही पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो.

गुण द्यायचेच तर जमिनीच्या हक्काला ५ पैकी ४, जमिनीच्या प्रतीला २, आणि गावच्या सत्तेचा तोल बदलण्याला दीड. दीड कमी वाटेल, पण त्यातला एक गुण सोसायटीच्या सभासदत्वाचा आहे आणि तो दुसऱ्या कोणत्याही योजनेतून मिळत नाही. जे नुसतं आरक्षण पुरे म्हणतात त्यांनी कलम १४ वाचावं, आणि जे नुसती जमीन पुरे म्हणतात त्यांनी बाजार समितीच्या जागांची वाटणी वाचावी.

अर्ज करणाऱ्यांनी जात प्रमाणपत्राचं काम आधी उरकावं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावनमुना १४, यातलं एक सापडायलाच महिना जातो. तोच दाखला पुढे जात वैधता प्रमाणपत्राला लागतो, आणि राखीव जागेवर निवडून आल्यावर वैधता मुदतीत दिली नाही तर पद जातं. सोबत तलाठ्याचा भूमिहीन असल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेचा क्रमांक आणि वयाचा पुरावा. बाईंच्या नावाचं बँक खातं आणि मोबाइल नंबर बाईंचाच असावा, कारण पुढे सरपंच झाल्या तर डोंगलचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.