बारा कपांचा सीडलिंग ट्रे: डिस्क घ्या, झाकणाच्या नादी लागू नका

मेच्या शेवटी ऑनलाइन मागवला होता, बी रुजवायचा बारा कपांचा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) १२ डिस्क. कंपनीचं नाव घेत नाही, असले सेट ढीगभर नावांनी मिळतात.

डिस्क मात्र एक नंबर. बिस्किटासारखी चकती कोमट पाण्यात टाकली की बघताबघता फुगून उभी राहते, माती चाळा खत कालवा काही भानगड नाही, आमच्या चिरंजीवांनीच सगळ्या भिजवल्या आणि किचनचा ओटाही. सहा कपांत टोमॅटो लावले, सहांत सासूबाईंनी गावाहून पाठवलेली लवंगी मिरची.

इथेच माती खाल्ली. टोमॅटो सहाव्या दिवशी वर, मिरचीने ११ दिवस घेतले (एक तर आलीच नाही) आणि झाकण सगळ्यांना मिळून एकच! पत्रकात लिहिलंय सगळं बी उगवेपर्यंत काढू नका, म्हणून ठेवलं. टोमॅटो झाकणाला टेकून लांबट, पांढुरके झाले. मिरच्या वर आल्यावरही मी दोन दिवस झाकण तसंच ठेवलं, आतून सगळं घामेजलेलं, आणि सकाळी बघते तर चार रोपं आडवी, देठ बुडाशी दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी.

नर्सरीवाले काका फोटो बघून म्हणाले, ताई ही मर आहे, कोवळ्या रोपांचा रोग, पाणी जास्त आणि वारा बंद, बुरशी येणारच, झाकण ठेवायला ती काय आमटी आहे? बी वर आलं की झाकण काढायचं आणि ट्रे उजेडात.

शिवाय कपांना खाली भोकंच नाहीत, म्हणजे पाणी तुंबणारच. दाभण तापवून मीच पाडली. आता ताटलीत पाणी घालून ट्रे त्यात १० मिनिटं ठेवते, पाणी खालून शोषलं जातं, मग वरचा थर सुकेपर्यंत हात लावत नाही.

डिस्कभोवती जी जाळी असते ती कुजत नाही, मोठ्या कुंडीत लावताना फाडून काढा. कोकोपीटमध्ये खायला काही नसतं त्यामुळे पहिल्या जोडीनंतरची खरी पानं आली की माती आणि गांडूळखतात हलवा.

पाचपैकी तीन स्टार, तेही डिस्कचे. नुसत्या डिस्क वेगळ्या मिळतात, ट्रेऐवजी दह्याचे रिकामे कप भोकं पाडून चालतात. टोमॅटो सहाही जगले, मिरची एकच उरलीय आणि सासूबाई फोनवर रोज विचारतात मिरच्या किती झाल्या, मी म्हणते येतायत हळूहळू.