फुजी जीएफएक्स १००एस वापरून बघितला: मेगापिक्सेल शेवटी बघा, आधी शटर

बेळगावच्या शहापूर-टिळकवाडी भागातले आमचे फोटोग्राफर दोस्त एकच विचारायलेत, मिडियम फॉरमॅट (नेहमीच्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यावा की नको, म्हणून एकदाच लिहून टाकतो. त्यातलाच फुजीचा जीएफएक्स १००एस भाड्यानं आणून लग्नं, शहापूरच्या साड्यांचा कॅटलॉग आणि बेळगाव किल्ल्यातलं जैन मंदिर कमल बस्ती असं सगळं त्यावर मारून झालंय. कॅमेरा भारी हाय, वादच नाही. पण १०२ मेगापिक्सेल, १०२ मेगापिक्सेल म्हणून दुकानात जो जप चालतो ना, तो आकडा घेताना सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी शटर बघा. ह्याचं शटर बॉडीत हाय, फोकल प्लेन, म्हणजे सेन्सरसमोर सरकणारा पडदा, आणि फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर स्पीड, फक्त १/१२५ सेकंद. आता आपल्याकडचं लग्न म्हणजे साडेबाराच्या अक्षता, मग नवरा-नवरीला लॉनवर उभं करायचं, डोक्यावर ऊन. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि १/१२५ धरला तर उन्हात लेन्सचं तोंड एफ १६ पर्यंत बारीक करावं लागतं (एफचा आकडा मोठा तेवढं तोंड लहान). आणि तुम्हाला तर ११० एमएमची लेन्स एफ २ ला उघडून मागचा मांडव धूसर करायचाय! म्हणजे सहा स्टॉप उजेड जास्ती (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). उजेड सहा स्टॉप अडवणारी काळी काच, एनडी ६४ फिल्टर, लावला की फ्लॅशचा उजेडही तेवढाच अडतो, हाय स्पीड सिंकवर (जलद शटरला फ्लॅश चालवायचा मोड) टाकला की फ्लॅशची ताकद खलास, आणि तोवर नवरीचे मामा "झालं काय हो, जेवणं खोळंबलीत" म्हणून मागं उभे. हॅसलब्लाडच्या एक्स२डी ह्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याला शटर लेन्समध्येच असतं, लीफ शटर, १/२००० लाही फ्लॅश सिंक होतो, म्हणजे सहातले चार स्टॉप तिथंच सुटले. हा फरक पैसे मोजण्यासारखा हाय. पण २०२२ ला आलेल्या त्या बॉडीत व्हिडिओ नाही आणि कंटिन्युअस ऑटोफोकसही (हलत्या माणसावर सतत फोकस धरणारा) नव्हता, तो पुढं २०२५ च्या एक्स२डी टू मध्ये आला. सप्तपदीला चालत्या जोडप्यामागं सिंगल फोकसवर पळून बघा मग कळेल.

सायलेंट मोड (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) तर लग्नात विसरूनच जा. एवढा मोठा सेन्सर वरून खाली वाचायला वेळ घेतो, त्यामुळं इलेक्ट्रॉनिक शटरवर हलता हात वाकडा येतो आणि कार्यालयातल्या एलईडीखाली फोटोभर पट्टे. मेकॅनिकलवर ठेवा आणि गप बसा.

दुसरं बघायचं ते स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा थरकाप बॉडीतच सावरायची सोय, आणि इथं मात्र १००एसनं मन जिंकलं. कमल बस्ती १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली, आत छताला दगडात कोरलेलं कमळ लोंबतंय आणि उजेड म्हणाल तर दारातून येईल तेवढाच. ट्रायपॉड उघडला की कोणीतरी विचारायला येतंच. मी ३२-६४ ची लेन्स लावून, खांबाला टेकून, श्वास धरून १/४ ला मारले. घरी येऊन स्क्रीनवर शंभर टक्के करून बघितलं तर पाकळीच्या कडेला छिन्नी सरकलेली खूण दिसतीय. एवढी फाईल असली की हाताचा जरासा थरकापही दिसून येतो, म्हणून १०० मेगापिक्सेलला स्टॅबिलायझेशन नसेल तर ते मेगापिक्सेल नुसते कागदावर. सेकंडहँडमध्ये जीएफएक्सचेच जुने ५० मेगापिक्सेलवाले ५०एस आणि ५०आर स्वस्त मिळतात म्हणून उड्या मारू नका, त्यात हे नाही. ५०एस टू मध्ये हाय, पण ऑटोफोकस अजून कॉन्ट्रास्टवाला, पुढं-मागं हुडकत बसतो. १००एसला फेज डिटेक्शन (फोकस कुठल्या बाजूला न्यायचा ते थेट ओळखणारं) हाय, डोळा चांगला पकडतो.

मग मेगापिक्सेल कशाला? साड्यांना. सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर, क्षेत्रफळानं फुल फ्रेमच्या साधारण १.७ पट, आणि जरीच्या काठावर एकेक तार सुटी दिसते. बारीक विणीवर मोअरेचे रंगीत पट्टे येतात ते ५० वाल्यापेक्षा ह्यात कमी. शिवाय जांभळा आणि डाळिंबी रंग आमच्या गिऱ्हाईकानं साडी हातात धरून स्क्रीनशी ताडून बघितला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. एफ ११ च्या पुढं मात्र जाऊ नका, धार जाते.

लग्नाच्या अल्बमला उपयोग? ११६४८ पिक्सेल रुंदी, छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जवळजवळ ३९ इंच, म्हणजे अल्बमच्या समोरासमोरच्या दोन पानांचा १२ बाय ३६ इंचांचा पूर्ण स्प्रेड एका फोटोत आरामात बसतो. पण फ्रेम ४:३ ची असल्यानं वर-खाली निम्म्याहून जास्त कापावं लागतं, आणि तोच स्प्रेड २४ मेगापिक्सेलमधून काढला तरी सासरच्या मंडळींना काडीचा फरक कळत नाही. उलट अनकॉम्प्रेस्ड १६ बिट रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) एक-एक २०० एमबीच्या आसपास, दोन हजार फोटो म्हणजे ४०० जीबी झालं की, आणि हार्डडिस्कचे पैसे कोण देणार? लॉसलेस कॉम्प्रेस्ड आणि १४ बिटवर ठेवा, लग्नाला तेवढं पुष्कळ. ग्रुप फोटोलाही जपून, फोकसची जाडी कमी असते, चाळीस पाहुणे तीन रांगांत उभे केले तर एफ ८-११ शिवाय मागची आत्या धूसर.

वजन बॉडीचं ९०० ग्रॅम, हातात त्रास नाही, त्रास लेन्सचा, ११० ची एकटीच किलोभर.

थोडक्यात कॅटलॉग, दागिने, मंदिरं, पेंटिंगच्या कॉप्या करणाऱ्यानं १००एस डोळे झाकून घ्यावा, सेकंडहँड असला तरी चालेल. उन्हात फ्लॅश मारणाऱ्यानं लीफ शटरकडं बघावं. नुसती लग्नं करणाऱ्यानं आहे तो फुल फ्रेमच ठेवावा, मी पण माझा विकलेला नाही. आणि कोणाकडनंही भाड्यानं किंवा सेकंडहँड लेन्स आणताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा, बेळगावच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला फंगस धरतोच, मला एकदा तसली लेन्स गळ्यात मारली होती आणि वर डिपॉझिटपण कापलं.