माईल्ड, लाइट की झिरो? हलक्या बीअरचे तीन ग्लास शेजारी शेजारी

बीअर शॉपीच्या काउंटरवर ‘माईल्ड द्या’ म्हटलं की आतला माणूस एकदा मान वर करून बघतो. आपल्याकडे खप स्ट्राँगचा, त्यामुळे फ्रीजचे हाताशी येणारे कप्पे तिचेच. माईल्ड खालच्या कप्प्यात, आणि लाइट व झिरो त्याच्याही कोपऱ्यात. तिथपर्यंत वाकायचं का, असा प्रश्न परवा आमच्या दाजींनी टाकला. ‘स्ट्राँग सोडतोय, पण म्हणून फेसाचं पाणी प्यायचं नाही. सांग काय घेऊ,’ म्हणाले.

म्हणून तीन बाटल्या आणल्या: माईल्ड म्हणून किंगफिशर प्रीमियम (4.8 टक्के अल्कोहोल), लाइट म्हणून हायनेकन सिल्व्हर (4 टक्के) आणि झिरो म्हणून हायनेकन 0.0. भारतात तिन्हींच्या मागे युनायटेड ब्रुअरीजच आहे आणि 2021 पासून त्या कंपनीचा ताबा हायनेकनकडे आहे. त्यामुळे हा ब्रँडांचा सामना नाही, एकाच घरातल्या तीन भावंडांची तुलना आहे.

चवीआधी थोडा हिशेब, कारण दाजी पेगच्या भाषेत विचार करतात. आपली व्हिस्की-रम 42.8 टक्क्यांची. 30 मिलीच्या छोट्या पेगात साधारण 12.8 मिली शुद्ध अल्कोहोल येतं. सिल्व्हरच्या 330 मिलीच्या पाइंटमध्ये ते 13.2 मिली, म्हणजे जवळपास एक छोटा पेग. प्रीमियमच्या पाइंटमध्ये 15.8. फरक अडीच मिलीचा. आता 650 ची मोठी बाटली घ्या: सिल्व्हर 26 मिली, प्रीमियम 31, आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग तब्बल 52. म्हणजे ‘एकच बीअर घेतली’ म्हणणारा माणूस चार छोटे पेग मारून उठलेला असतो. हे ऐकून दाजी जरा वेळ गप्प बसले.

या आकड्यांतून माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की 4.8 वरून 4 वर येण्यापेक्षा 650 वरून 330 वर येणं कितीतरी जास्त परिणामकारक आहे. मोठी सिल्व्हर पिण्यापेक्षा छोटी प्रीमियम हलकी पडते. हलकं प्यायचं असेल तर आधी बाटलीचं माप बघा, टक्के नंतर.

दुसरा घोळ ‘लाइट’ या शब्दाचा. अमेरिकेत हा प्रकार कॅलरीसाठी जन्माला आला. जोसेफ ओवेड्स या रसायनतज्ज्ञाने 1960 च्या दशकात एक एन्झाइम वापरलं. यीस्टला एरवी न पचणारी पिष्टमय द्रव्यं त्याने फुटतात आणि यीस्ट तीही खाऊन टाकतं. बीअर कोरडी, म्हणजे बिनगोड होते, आणि अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, उरत नाही. 1967 मध्ये ती ‘डाएट बीअर’ म्हणून बाजारात आली आणि सपशेल पडली. पुढे 1975 मध्ये मिलर लाइट अमेरिकाभर विकायला निघाली आणि चालली. तिचा 355 मिलीचा कॅन 96 कॅलरींचा, पण अल्कोहोल 4.2 टक्के. हिशेब केला तर त्यातल्या ऐंशीच्या वर कॅलरी एकट्या अल्कोहोलच्या. म्हणजे कॅलरी उतरल्या, चव उतरली, नशा मात्र होती तिथेच. जर्मनांचा लाइश्टबिअर हा प्रकार याच्या उलट: अल्कोहोल अडीच ते साडेतीन टक्के, पण हॉपचा, म्हणजे बीअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा शाबूत. मला मनापासून आवडेल असा हाच, पण आपल्या शॉपीत तो मिळणार नाही, तेव्हा पुढे जाऊ.

चाखताना एक पथ्य पाळलं. ग्लास नुसत्या गरम पाण्याने विसळून घेतले, कारण साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला की फेस बसतो आणि दोष बीअरवर जातो. बायकोने आत ओतून ग्लासच्या बुडाला चिठ्ठ्या लावल्या. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबलो. बर्फासारखी थंड बीअर जिभेला काही कळूच देत नाही, आणि ‘एकदम चिल्ड’ या आग्रहाचं निम्मं कारण तेच असावं. चखण्याला फक्त बिनमिठाचे कुरमुरे. मसाला शेंगदाणे दाजींच्या हातातून काढून घ्यावे लागले.

हलकी लागर (फिकट सोनेरी बीअरचा हा प्रकार, आपल्या तिन्ही बाटल्या त्यातल्याच) तपासताना चव किती आहे हे शोधत बसू नये. ती थोडीच असणार. स्टाउट या काळ्या बीअरमध्ये भाजक्या मॉल्टमागे, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्यामागे, एखादी चूक लपून जाते. इथे लपायला जागाच नसते. पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास आला तर यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी तोच संशय. उकडलेल्या मक्याचा वास मॉल्टकडून येतो, ओल्या पुठ्ठ्याचा जुनेपणामुळे. मागे एका दुकानातून मी रस्त्याकडच्या काचेत मांडलेली हिरवी बाटली उचलली होती. उघडली तर जळक्या रबरासारखा भपका. तो दोष उन्हाचा होता, हॉपमधली द्रव्यं प्रकाशाने बिघडतात. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी फारशी नाही, कॅन पूर्ण. तारीख आणि कॅन, या दोन गोष्टी बघितल्या तरी निम्मी परीक्षा दुकानातच होते.

बीअरच्या परीक्षकांसाठी बीजेसीपी नावाची अमेरिकी संस्था 50 गुणांचा तक्ता वापरते: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातलं अंग 5, एकूण ठसा 10. रूपाला तीनच, हे मला पटतं. तिन्ही ग्लास सोनेरीच होते.

पहिल्या ग्लासला दाजींनी वास घेताक्षणी नाव ठेवलं: ‘हे हॉर्लिक्स.’ तो 0.0 निघाला. त्यांचं नाक चुकलं नव्हतं. अल्कोहोल गेलं की मॉल्टचा गोडसर वास उघडा पडतो, आणि हॉर्लिक्सही मॉल्टचंच. जेवणासोबत हा गोडवा बोचत नाही, उलट नंतर जेवताना तिखट सुक्या बोंबलाबरोबर छान जमला. नुसता पिताना मात्र अर्ध्या ग्लासनंतर कंटाळा आला. आणि शून्य म्हणजे सगळंच शून्य नव्हे: 330 मिलीमध्ये 69 कॅलरी आणि सुमारे 16 ग्रॅम कर्बोदकं आहेत. मधुमेहाची गोळी चालू असेल त्यांनी हे धरून चालावं.

दुसरा ग्लास प्रीमियमचा. धान्याचा हलका गोडवा, कडूपणा जेमतेम, पण घोट गिळल्यावर तोंडात काहीतरी उरतं. तिघांतलं भरलेलं अंग याचंच. तिसरी सिल्व्हर. पहिला घोट सगळ्यांत सुबक: कोरडा, स्वच्छ, झटकन संपणारा. बायकोने तिलाच जास्त गुण दिले. मी थांबलो. मी ग्लासचा शेवटचा पाव भाग मुद्दाम ठेवतो आणि कोमट होऊ देतो. थंडी आणि बुडबुडे उतरले की खरी बीअर समोर येते. सिल्व्हरमध्ये तेव्हा दोष एकही दिसला नाही, पण चवही फारशी उरली नाही. प्रीमियम जरा गोडमिट्ट झाली, तरी बीअर वाटत राहिली. माझे गुण तिला, दोनच जास्त.

दाजींना मी सांगितलं ते असं. शनिवारी रात्री घरीच आहात, एकच घ्यायची आहे, तर प्रीमियमचा पाइंट. मोठी बाटली दोघांत. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर, घसा कोरडा आणि गप्पा लांबणार, तर सिल्व्हर, तीही कॅनमध्ये आणि गार असतानाच. गाडी काढायची असेल तर 0.0 सोडून काहीच नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमची आहे आणि एक ‘लाइट’ पाइंट म्हणजे एक पेग, हे वर आलंच आहे. 0.0 सुपरमार्केटमध्येही मिळते, त्यामुळे शॉपीत वाकायचीही गरज नाही. दराचं सांगत नाही, कर बदलला की तो बदलतो.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग उरलेली सिल्व्हर आपल्या ग्लासात ओतली, त्यात लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाले, ‘आता लागते बघ चव.’ परीक्षकांच्या तक्त्यात याला रकाना नाही. मी एक घोट घेतला. वाईट नव्हती.