‘ॲक्शन तुपासारखी’चे 1,205 डॉलर

आधी आकडा सांगतो, हसायचं ते हसून घ्या. रायफलचे 950 डॉलर, ‘ॲक्शन हाताने गुळगुळीत केल्याचे’ 180 (ॲक्शन म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा), पाठवणीचे 40, इथल्या परवानाधारक डीलरची ट्रान्सफर फी 35.

आणि मी नवशिका नाही. अमेरिकेत एकोणीस वर्षं झाली, त्यातली बारा वर्षं शनिवार रेंजवर जातो. .22 बोअरची लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळचा दांडा फिरवून काडतूस भरायची रायफल, कुठली घ्यायची यावर महिनाभर खल केला. ब्राउनिंग बीएल-22 चा लिव्हर जेमतेम 33 अंश फिरतो, मला ते आखूड वाटतं. विंचेस्टर 9422 तर 2005 पासून बंदच. राहिली मार्लिन 39ए: एक स्क्रू सोडवला की दोन भाग होतात, नळी मागून साफ करता येते. परराज्यातल्या एकाकडे 1975 ची होती, सगळी ॲक्शन दगडाने घासून गुळगुळीत केलेली, म्हणे. फोनवर तासभर गोड बोलला. पैसे पेमेंट ॲपच्या ‘मित्र-नातेवाईक’मधून टाका म्हणाला, कापणावळ वाचेल. टाकले. हो, त्यात खरेदीला संरक्षण नसतं, माहीत आहे मला. काही बोलू नका.

पण झोंबतं ते पुढचं. डीलरने काउंटरवर खोकं उघडलं, म्हणाला, ‘‘नीट बघा, नको असेल तर सही करू नका.’’ मी लिव्हर ओढला. तुपासारखा! पाच-सहा वेळा नुसता ओढतच बसलो, खुळ्यासारखा. घोड्याच्या (चाप ओढला की आदळून बार उडवणारा भाग) पुढे सेफ्टीचं आडवं बटण डोळ्यांसमोर होतं. मार्लिनने ते 1988 मध्ये आणलं, 1975 च्या रायफलीवर येईल कुठून? समोरच्या फॉर्मवर रायफलीचा नंबर 11 ने सुरू होत होता. त्या काळच्या मार्लिनचे पहिले दोन आकडे 100 मधून वजा केले की साल निघतं. म्हणजे 1989. हे गणित मी स्वतः दोघातिघांना शिकवलंय. आणि सही ठोकली.

रेंजवर 50 पैकी 17 काडतुसं फुसकी. .22 ची ही काडतुसं रिमफायर, म्हणजे पेटवणारं स्फोटक बुडाच्या कडेत असतं, घोड्याचा दणका कमी पडला की बार उडत नाही. गनस्मिथने उघडली तर घोड्याची स्प्रिंग दोन वेढे कापलेली, कापलेलं टोक अजून चकचकीत. लिव्हर खाली-पुढे ढकलला की बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा) मागे सरकून घोडा दाबतो, त्यामुळे स्प्रिंग कापली की लिव्हर हलका लागणारच. दगड कुठेही लागलेला नाही, नुसतं ग्रीस. 180 डॉलर ग्रीसचे! लिव्हर हलका लागला तर खूश होऊ नका, आधी अंगठ्याने घोडा चढवून बघा, तोही हलका चढला तर स्प्रिंगवर संशय घ्या. बोल्टची खालची बाजू आणि घोड्याचा माथा खरंच दगडाने घासल्यासारखा दिसतोय का तेही बघा. नशीब, विक्रेत्याने चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खाचेला हात लावला नव्हता. ती बिघडली की चाप न ओढता बार उडू शकतो.

पोलीस म्हणाले, रायफल मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. विक्रेत्याच्या गावी फोन केला, तर तक्रार तुमच्या गावी करा. आमच्या गावी विचारलं, तर त्यांच्या गावी. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. पेमेंट ॲपवाल्यांनी तर कमाल केली: बंदुकीसाठी ॲप वापरणं नियमात बसत नाही, तेव्हा चूक तुमची. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक मिळालाय, सात आठवडे झाले, क्रमांकच मिळालाय. चाळीस-चाळीस मिनिटं होल्डवरचं संगीत ऐकलंय मी. रायफलीच्या नंबराचा पूर्ण फोटो न देणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका.

नवी स्प्रिंग आणि मजुरीचे आणखी 65 गेले. आता 50 पैकी 50 उडतात. लिव्हर मात्र जड लागतो.